वरच्या खोलीत कोण होतं

माझ्या घराला आग लागली तेव्हा मी खालच्या स्वयंपाकघरात परक्या माणसांसाठी भगर शिजवत होतो. विम्याच्या फॉर्ममध्ये हे लिहायला रकाना नव्हता, म्हणून इथे आधी हेच लिहून टाकतो.

मी औंढ्याचा, नागनाथाच्या गावचा. एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर होतो. हिंगोली, सेनगाव, वसमत, वारंगा फाटा, जिथे पाठवतील तिथे जायचं आणि दिवसभर ‘पुढं सरका, पुढं सरका’ ओरडायचं. चिडका कंडक्टर म्हणून माझं नाव होतं आणि ते खोटं नव्हतं. निवृत्तीच्या दिवशी हार गळ्यात असतानाच मी बायकोला म्हणालो होतो, की आता कोणाचं कोपर माझ्या बरगडीत शिरणार नाही. ती हसली. म्हणाली, ‘‘चार दिस थांबा. मंग मलाच इचारसाल, कुठं जायाचं, तिकीट घेतलं का.’’

निवृत्तीच्या पैशांत बँकेच्या कर्जाची भर घालून आम्ही वर एक खोली बांधली. मुलगा पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, सूनही नोकरी करते. ती दोघं सुट्टीला आली की अवघडायला नको, म्हणून वरच्या खोलीला वेगळा संडास, तोही खुर्चीसारखा, पाणी तापवायला गिझर आणि देवळाच्या शिखराकडे उघडणारी मोठी खिडकी. त्या खोलीत ते एका दिवाळीला पाच दिवस राहिले. नात तेव्हा रांगत होती. पुढे त्यांना जमलं नाही. तरी बायको रोज वर जाऊन खोली झाडायची. मी म्हणायचो, राहतं कोण तिथं, कशाला झाडतेस? ती म्हणायची, ‘‘धूळ काय माणसं बघून येती व्हय?’’

चार वर्षांपूर्वी ती गेली. आजार फार दिवसांचा नव्हता. मुलगा आला, सगळं केलं, दिवस झाल्यावर परत गेला. वर्षश्राद्धाला पुन्हा एक दिवस येऊन गेला, एकटाच. त्यानंतर मी घरात टीव्ही मोठ्यानं लावायला लागलो. बघायचो नाही, नुसता लावायचो. दुपारी गल्लीत भंगारवाला आला तर त्याला थांबवून उगाच भाव विचारायचो. ज्या माणसानं हयातभर लोकांना लवकर उतरा म्हटलं, तो दारात उभा राहून कोणीतरी थांबावं म्हणून वाट बघत होता. याची मला तेव्हा फार लाज वाटायची, आता तितकी वाटत नाही.

पहिली माणसं महाशिवरात्रीला आली. भक्तनिवास भरलं होतं, लॉज भरले होते आणि पुसदकडचं एक म्हातारं जोडपं आमच्या कोपऱ्यावर पिशव्या घेऊन उभं होतं. मी त्यांना वर नेलं. त्या दिवशी संध्याकाळी मी खाली टीव्ही बंद करून बसलो, तर डोक्यावर कोणीतरी चाललं. मग पाणी ओतल्याचा आवाज, मग बादली सरकली. मी कितीतरी वेळ नुसता वर बघत होतो. फार दिवसांनी घरात घरासारखा आवाज होत होता.

तेव्हापासून खोली उघडी झाली. श्रावणात, शिवरात्रीला, कार्तिकातल्या सोमवारी, कधी मधल्याच वारी लोक यायचे आणि एक-दोन दिवस राहून जायचे. कोपऱ्यावरच्या फ्लेक्सवाल्यानं मला एक लहान बोर्ड करून दिला, ‘यात्रेकरूंसाठी खोली मिळेल’, आणि खाली माझा मोबाइल नंबर. आता आमच्या घरची एक रीत सांगितली पाहिजे, कारण सगळा घोटाळा तिथूनच झाला. माझ्या वडिलांच्या वेळेपासून देवाला आलेल्या माणसाकडून आमच्या घरात हातात पैसे घ्यायचे नाहीत. भाव सांगायचा नाही. जाताना ते देव्हाऱ्यापुढच्या ताटात जे ठेवतील ते ठेवतील. वडिलांच्या काळात लोक ओसरीवर झोपायचे आणि ताटात सुपारी-खोबरं ठेवायचे. आता नोटा ठेवतात. पण रीत तीच, त्यामुळे आपण भाडं घेतो असं माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

म्हणून बँकेतल्या बाईंनी घराच्या विम्याचा कागद दरवर्षीप्रमाणे नवा करताना विचारलं, ‘‘काका, घरात धंदा-बिंदा काही? भाड्यानं वगैरे?’’ तेव्हा मी छातीठोकपणे न्हाई म्हणालो. त्यांनी फॉर्मवर खूण केली, मी सही केली. मी खोटं बोललो नाही. आमच्याकडं कोणीही हेच सांगितलं असतं.

आग लागली ती श्रावणातल्या एका सोमवारी, सकाळी. वर उमरखेडकडचं एक कुटुंब होतं. नवरा, बायको आणि नवऱ्याची आई. त्यांचा काहीतरी नवस होता. खोलीत नागनाथाच्या फोटोपुढे त्यांनी तेलाचा दिवा लावला होता आणि दर्शन होऊन परत येईपर्यंत तो तेवत राहायला हवा होता. ठेवला होता प्लास्टिकच्या स्टुलावर, खिडकीच्या पडद्याजवळ. दर्शनाची रांग बाजारापर्यंत आली होती. निघताना ती बाई मला म्हणाली, ‘‘काका, दिव्याकडं ध्यान ठेवजा बरं. तेल घालजा.’’

मला फार बरं वाटलं. कोणीतरी मला काम सांगितलं होतं. मी वर खुर्ची घेऊन दिव्यासमोर बसलो. तासभर बसलो, दोनदा तेल घातलं. मग मनात आलं, ही माणसं उपाशी रांगेत उभी आहेत, आल्यावर खातील काय? हॉटेलातली खिचडी सोमवारी सकाळीच संपते. आपण भगर आणि शेंगदाण्याची आमटी करून ठेवली तर? मी तेल भरपूर घातलं आणि खाली आलो. वारं सुटलंय हे माझ्या लक्षात आलं होतं. खिडकी लावावी हे मात्र नाही आलं.

आमटीला उकळी आली तेव्हा शेजारीण ओरडली. वर जाईपर्यंत पडदा जळून गादी पेटली होती. गल्लीतली सगळी माणसं आली. कोणी बादल्या आणल्या, कोणी मोटारीचा पाइप वर ओढला. अर्ध्या तासात आग विझली. कोणाला काही झालं नाही. पण खोली गेली. पलंग, गादी, पंखा, खिडकीची चौकट, वायरिंग, गिझर, सगळं. छताला काळे पोपडे आले.

ते लोक दुपारी प्रसाद घेऊन आले. बाई दारातच खाली बसली. नवरा हात जोडून म्हणाला, ‘‘काका, आमच्यानं झालं.’’ मी म्हणालो, ‘‘तुमच्यानं न्हाई, माझ्यानं. मी उठून गेलतो.’’ मग मला काही सुचेना, म्हणून मी पानं मांडली. जळकट वास भरलेल्या घरात मी त्यांना भगर वाढली. ते मान खाली घालून खात होते, कारण नको म्हणायची त्यांची हिंमत नव्हती. म्हातारीनं तेवढं आमटी चांगली झाली म्हणून सांगितलं.

मुलाला फोन केला. तो घाबरला. तुम्हाला लागलं नाही ना, डॉक्टरांना दाखवलं का, असं दोन-तीनदा विचारलं. मग म्हणाला, ‘‘तरी मी सांगत होतो बाबा, अनोळखी लोकांना घरात घेऊ नका.’’ आणि मग, ‘‘विमा आहे ना? मग टेन्शन घेऊ नका.’’

विमा होता. दोन दिवसांनी कंपनीचा सर्व्हेअर आला. नांदेडहून मोटरसायकलवर आलेला पन्नाशीचा माणूस, मानेवर रुमाल, बोलायला गोड. त्यानं टेपनं भिंती मोजल्या, वायरींचे तुकडे पिशवीत भरले, फोटो काढले. खाली आल्यावर पाणी प्यायला आणि विचारलं, ‘‘काका, वरच्या खोलीत कोन होतं?’’

‘‘यात्रेकरू,’’ मी म्हणालो.

त्यानं लिहिणं थांबवलं. माझ्याकडे बघितलं, मग दारातून बाहेर बोर्डाकडे बघितलं. ‘‘हे मी ऐकलं न्हाई असं समजा,’’ तो म्हणाला. मग त्यानं मला समजावून सांगितलं. माझा विमा राहत्या घराचा. म्हणजे मी आणि माझ्या घरची माणसं राहतात त्या घराचा. रोज वेगळी माणसं ठेवून त्यांच्याकडून पैसे घेतले, की कंपनीच्या लेखी तो धंदा. त्याचा विमा मिळतो, पण वेगळा, जरा जास्त हप्त्याचा. आणि तो घेताना कंपनीला आधी सांगावं लागतं. न सांगता आग लागली तर कंपनी हात वर करते.

‘‘पण मी भाडं कुठं मागून राहिलो?’’ मी तावातावानं म्हणालो आणि त्याला देव्हाऱ्यापुढचं ताट दाखवलं. वडिलांची रीत सांगितली. त्यानं आधी देवाला हात जोडले.

‘‘काका, तुमचं बराबर हाय. पन कंपनीला ताट कळत न्हाई.’’

 मग कागद आवरता आवरता, माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘‘श्रावण हाय. श्रावणात घरचे लोक येतेत नागनाथाला. पोरगं, सून, कोनी आलं असंल. घरचं कोनी वर असलं, तर काहीच तकलीफ न्हाई. मी शुक्रवारी येतो. तवर एका कागदावर लिहून ठेवा, खोलीत कोन होतं, तुमचं नातं काय. दोन ओळी.’’

तो गेल्यावर मी वर गेलो. वायरमननं वरची लाइन तोडून ठेवली होती. एसटीतून निवृत्त झालेल्या माणसाची पेन्शन किती असते हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात ती खोली पुन्हा उभी राहणार नव्हती. आणि खोली नाही तर माणसं नाहीत. आग लागल्यापासून माझ्या डोक्यावर कोणी चाललं नव्हतं. टीव्ही पुन्हा सुरू झाला होता. मला पलंग नको होता, गिझर नको होता. मला माणसं परत हवी होती.

मी मुलाला पुन्हा फोन केला आणि सर्व्हेअर काय म्हणाला ते सांगितलं. तो कसल्या तरी गडबडीत होता, पण त्याला लगेच कळलं.

‘‘मग आम्हीच आलो होतो असं लिहा ना, बाबा.’’

‘‘तुमी?’’

‘‘हो. मी, ही आणि पिल्लू. त्यात काय? तशीही ती खोली आमच्यासाठीच बांधली होती ना. कंपनीचा फोन आला तर मी हो म्हणेन.’’

एवढ्या सहजपणे तो यायला कधीच तयार झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं उरकून मी लिहायला बसलो. ‘सदर सोमवारी वरच्या खोलीत माझा मुलगा, सून व नात मुक्कामास होते,’ असं लिहिलं. इथे थांबायला हवं होतं. पण मनात आलं, सोमवारी होते म्हणजे आले कधी? शनिवारी. कशानं? गाडीनं. जिंतूरला चहाला थांबले आणि तिथून मुलानं फोन केला, बाबा, तासाभरात पोचतोच. मी हे लिहिलं. रविवारी सून मला स्वयंपाकघरातून बाहेर काढून स्वतः स्वयंपाक करायला लागली, हे लिहिलं. नात वर झोपायला तयार नव्हती, ती खाली माझ्याजवळ झोपली आणि आजीचा पलंग हाच का म्हणून विचारत होती, हेही लिहिलं. तिला भगर आवडली नाही. साखर घातली तेव्हा खाल्ली. दोन पानं पाठपोट भरली. उन्हं उतरल्यावर मी मान वर केली. खरं सांगतो, इतकी चांगली दुपार बायको गेल्यापासून माझ्या वाट्याला आली नव्हती.

शुक्रवारी सर्व्हेअर आला. चष्मा लावून त्यानं दोन्ही पानं सावकाश वाचली. मला वाटलं, शंका काढेल. पण त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं.

‘‘काका, दोन ओळी पायजे होत्या.’’

‘‘लिहिता लिहिता वाढलं.’’

‘‘असू द्या. घर भरलं होतं म्हना की.’’ त्यानं फॉर्म काढला. ‘‘आता ह्याच्यात नाव, नातं, वय भरू. मंग सही करा.’’

मुलाचं वय मी सांगितलं. सुनेचं अंदाजानं सांगितलं. मग तो म्हणाला, ‘‘नातीचं?’’

‘‘सात,’’ मी म्हणालो. मग म्हणालो, ‘‘न्हाई, थांबा. सहा.’’ मग मी बोटं मोजायला लागलो. ती रांगत होती ती दिवाळी कोणती? बायकोच्या आजाराच्या आधीची की त्याच्याही आधीची? सर्व्हेअर पेन धरून बसला होता. ‘‘शाळेत कितवीला हाय?’’ त्यानं मला मदत करायला विचारलं. तेही मला सांगता येईना. मोबाइलमध्ये मुलानं पाठवलेला वाढदिवसाचा फोटो होता. तो काढला. केकवर आकड्याची मेणबत्ती होती, पण तिच्यापुढे कोणाचा तरी हात आला होता. फोटो मोठा केला, तर नुसता हातच मोठा झाला.

‘‘फोन लावून इचारा की,’’ सर्व्हेअर म्हणाला. ‘‘चूक नको व्हायला.’’

मी मुलाचा नंबर काढला. आणि तसाच बसलो. जी नात शनिवार-रविवार माझ्या कुशीत झोपली, म्हणून मी दोन पानं लिहिली होती, तिचं वय मी तिच्या बापाला फोन करून विचारणार होतो. मला त्या कागदांचा एकदम संताप आला. मुलाचा नाही, सर्व्हेअरचाही नाही, स्वतःचाच आला. किती लाडानं लिहिलं होतं मी ते सगळं.

मी त्याच्या हातातून पानं काढून घेतली, आडव्या रेघा मारल्या आणि कोऱ्या कागदावर लिहिलं, ‘या घरात मी एकटा राहतो. आगीच्या दिवशी वरच्या खोलीत यात्रेकरू उतरले होते. दिवा मी सांभाळत होतो.’ खाली सही केली.

सर्व्हेअरला वाईट वाटलं. ‘‘काका, क्लेम जाईल. काहून असं करता? ईचार करा.’’

‘‘जाऊ द्या,’’ मी म्हणालो. ‘‘च्या घेता का?’’

त्यानं चहा घेतला. घाईत असूनही तो अर्धा तास बसला. निघताना म्हणाला, पुन्हा कधी खोली केली तर बोर्ड लावायच्या आधी कंपनीला कळवा, लोकांना उतरवतो म्हणून स्पष्ट सांगा, तसा विमा मागा. मी हो म्हणालो. त्याची मोटरसायकल वळेपर्यंत दारात उभा राहिलो आणि मग बोर्ड काढून पलंगाखाली सारला.

कंपनीचं पत्र दिवाळीच्या आधी आलं. इंग्रजीत होतं. मेडिकलवाल्याकडून वाचून घेतलं. घराचा वापर कळवल्यापेक्षा वेगळा होता, सबब दावा नामंजूर. कार्तिकातल्या सोमवारी जुन्या ओळखीचे तीन-चार फोन आले, काका, खोली आहे का? मी प्रत्येकाला नाही म्हणालो आणि प्रत्येकाशी गरजेपेक्षा जास्त वेळ बोललो.

मुलाला मी काहीच सांगितलं नव्हतं. एका रविवारी त्यानंच विचारलं, ‘‘बाबा, क्लेमचं काय झालं?’’

‘‘न्हाई मिळाला.’’

‘‘का? आम्ही आलो होतो असं लिहिलं होतं ना?’’

‘‘लिहिलतं. मंग खोडलं.’’

‘‘खोडलं? का पण?’’

‘‘तुमी आलाच न्हवता म्हणून.’’

 तिकडे मागे टीव्हीवर कार्टून चाललेलं ऐकू येत होतं आणि मध्येच नात हसत होती. मला त्याच्यावर राग काढायचा नव्हता. बत्तीस वर्षं दिवसभर लोकांशी बोललो, पण हे एक वाक्य मी आयुष्यात कोणाला म्हटलं नव्हतं, ते तेव्हा तोंडातून गेलं. मी म्हणालो, ‘‘मला इथं लई एकटं वाटतं रे.’’

 त्याचा आवाज मऊ झाला, तो लहानपणी आजारी पडला की व्हायचा तसा.

‘‘बाबा, तुम्ही काळजी करू नका,’’ तो म्हणाला. ‘‘खोलीला किती लागतील ते सांगा, मी आजच पाठवतो. छान करून घ्या. म्हणजे लोक यायला लागतील परत.’’

‘‘बरं,’’ मी म्हणालो. ‘‘पाठव.’’